मदत हवी आहे : कुंपणालगत तगर लावावी की अनंत?

ओसरी :
नमस्कार. घराच्या कुंपणालगत, आतल्या बाजूने, पांढऱ्या फुलांच्या झुडपांची एक सलग रांग करायची आहे. तगर आणि अनंत या दोहोंपैकी एक निवडायचे आहे. रोपवाटिकेत दोन्ही रोपे हिरवीगार आणि कळ्यांनी भरलेली दिसतात, आणि विक्रेते दोन्हींबद्दल "फारसे काही करावे लागत नाही" एवढेच सांगतात. फुले रोज देवपूजेला लागतात, शिवाय सासूबाईंचा आग्रह सुवासिक फुलांचा आहे. येत्या रविवारी खड्डे घ्यायला माणूस येणार आहे, त्यामुळे कृपया नेमके एक नाव सांगावे. दोन्हींचे गुण सांगणारे लेख मी वाचले आहेत. त्यांतून निर्णय होत नाही.

जांभाकडा :
निःसंकोचपणे अनंत लावावा. रत्नागिरीजवळ आमच्या परड्यात अनंताची झुडपे पुरुषभर उंच झाली आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती फुलू लागली की वास थेट रस्त्यापर्यंत जातो. फूल उमलते तेव्हा शुभ्र असते, पुढे पिवळसर पडते, पण तोवर वास टिकून असतो. पालापाचोळा आणि थोडे शेणखत यांपलीकडे आम्ही त्याला काही देत नाही. तगर तर रस्त्याच्या दुभाजकावरही असते. स्वतःच्या अंगणात पुन्हा तीच कशासाठी लावायची?

काळीमाती :
कोकणातला अनुभव जसाच्या तसा सर्वत्र लागू होत नाही, म्हणून उत्तराआधी काही माहिती हवी. आपले गाव कोणते? माती काळी की तांबडी? पाणी नळाचे, विहिरीचे की बोअरचे? कुंपणाची ही बाजू कोणत्या दिशेला आहे, आणि तिथे दुपारचे ऊन लागते का? अनंताला आम्लधर्मी जमीन मानवते. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५ ते ६.५ असेल तर त्याच्या मुळांना जमिनीतील लोह नीट घेता येते. जांभ्याची माती आणि कोकणातला पाऊस यांमुळे रत्नागिरीत ही सोय निसर्गानेच केलेली आहे. तगरीला मातीचा असा हट्ट नाही. त्यामुळे या दोहोंत अधिक सुंदर कोण, हा प्रश्न नंतरचा. आपल्या जमिनीत कोण जगेल, हे आधी ठरवावे लागेल.

पाचोळा :
मी तिसरे नाव सुचवतो, आणि ते आग्रहाने सुचवतो : कुंती. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पूर्ण कुंपणाला कुंतीच आहे. पांढरी फुले, उत्तम सुवास, दाट पाने, आणि कातरणी सहन करण्याची ताकद, हे सर्व एकाच झुडपात मिळते. तगरीला वास जेमतेम असतो आणि अनंताची सलग भिंत होत नाही. ज्यांना सुवासही हवा आणि आडोसाही, त्यांच्यासाठी कुंतीइतके योग्य झाड मी पाहिलेले नाही.

ओसरी :
मी दोन झाडांविषयी विचारले होते, तिसऱ्याविषयी नाही. विचारलेली माहिती देते : आम्ही सोलापूर शहराच्या बाहेर राहतो. माती काळी आहे आणि हातभर खाली मुरूम लागतो. पाणी बोअरचे आहे. बादलीला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो. कुंपण पश्चिमेला असल्यामुळे दुपारी बारानंतर मावळतीपर्यंत ऊन असते. मागच्या अंगणात कागदी लिंबाचे एक झाड आहे, त्याला आमचे बोअरचे पाणी व्यवस्थित चालते. आता तरी एक नाव सांगावे.

काळीमाती :
तगर. या वर्णनानंतर माझ्या मनात शंका राहिलेली नाही. बादलीवरचा पांढरा थर म्हणजे पाण्यातील चुना. तो प्रत्येक पाण्यासोबत मातीत जातो आणि आधीच विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) असलेल्या काळ्या मातीचा सामू खाली येऊच देत नाही. अशा मातीत लोह असते, पण अनंताच्या मुळांना ते घेता येत नाही. त्यात पश्चिमेचे ऊन आणि वैशाखातली कोरडी हवा. अनंताला सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि हवेत ओलावा लागतो. या गोष्टी नसल्या की कळ्या धरतात आणि उमलण्याआधीच गळून पडतात.

खात्री करायची असेल तर कुंपणालगतची मूठभर कोरडी माती बशीत घ्यावी आणि तिच्यावर चमचाभर व्हिनेगर ओतावे. माती फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे.

सुरवंट :
पाचोळा यांच्या सूचनेवर एक गंभीर हरकत नोंदवतो. कुंती ही लिंबाच्याच कुळातली आहे, आणि लिंबूवर्गीय झाडांवर येणारी सिट्रस सिला ही कीड कुंतीवर उत्तम पोसली जाते. हीच कीड लिंबूवर्गीय झाडांच्या 'ग्रीनिंग' रोगाचा प्रसार करते, आणि त्या रोगावर खात्रीचा इलाज नाही. ज्यांच्या मागच्या अंगणात फळते लिंबू आहे, त्यांनी पुढच्या अंगणात कुंतीची रांग लावू नये.

पाचोळा :
आमच्या कुंतीवर अशी कीड मला कधीही आढळली नाही, आणि गावोगावी लिंबू व कुंती शेजारी नांदताना दिसतात. एका शक्यतेसाठी इतके चांगले झाड बाद करणे मला पटत नाही.

सुरवंट :
ही कीड तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते आणि कोवळ्या फुटीवर बसते. मुद्दाम शोधल्याशिवाय ती आढळत नाही. शिवाय कुंती सतत कातरली की सतत नवी फूट येते, म्हणजे किडीला वर्षभर कोवळा पाला मिळतो. लिंबू नसलेल्या सोसायटीत कुंती लावण्यास माझा विरोध नाही. इथे लिंबू आहे, म्हणून विरोध आहे.

रानजाई :
अनंताचा विषय निघाला आहे म्हणून डिकेमालीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. हा आपल्याकडचा रानटी अनंत. दख्खनच्या कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर तो वाढतो. त्याचीही फुले पांढरी उमलतात, मग पिवळी होतात आणि त्यांना मधुर वास असतो. कोंबांच्या टोकांवर जमणारा पिवळसर राळेचा थेंब हीच औषधातली डिकेमाली. परदेशी झाडाला कृत्रिमरीत्या आम्ल माती पुरवण्यापेक्षा इथल्या मातीत रुजलेला त्याचा भाऊबंद लावावा, असे मला मनापासून वाटते. बागेतला अनंत मूळचा चीन, जपानकडचा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

काळीमाती :
डिकेमालीविषयी आदर आहे, परंतु ती फार सावकाश वाढते आणि उन्हाळ्यात तिची पाने झडतात. कुंपणालगत आडोसा आणि रोजची फुले हवी असणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

ओसरी :
तगरीचे उत्तर समजले, पण एक गोष्ट अजून पटत नाही. दाराशी, पूर्वेच्या बाजूला, एक अनंत आम्ही मागच्या पावसाळ्यात लावला आहे आणि तो जिवंत आहे. दिवाळीपर्यंत तर फार छान होता. आता त्याची पाने पिवळी पडत आहेत आणि कळ्या गळतात, पण झाड मेलेले नाही. मग तिथे जगतो तर कुंपणाला का जगणार नाही? आणि पिवळेपणावर उपाय काय?

दवबिंदू :
पिवळेपणावर घरगुती उपाय अगदी सोपा आहे. आठवड्यातून एकदा आंबट ताक पाण्यात मिसळून मुळाशी घालावे, चहाचा धुतलेला चोथा टाकावा, आणि बोअरऐवजी घरातल्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी द्यावे. आमच्या कुंडीतला अनंत यावर टवटवीत आहे.

काळीमाती :
आरओचे वाया जाणारे पाणी अनंताला कृपा करून घालू नये. त्या यंत्रातून गाळलेले पाणी पिण्यासाठी बाजूला होते आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात एकवटतात. म्हणजे ते मूळ बोअरच्या पाण्याहूनही अधिक क्षारयुक्त असते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र चालते, कारण ते हवेतल्या बाष्पाचे असते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात.

ताकाविषयीही सांगतो. कुंडीतल्या थोड्या मातीवर ताकाचा तात्पुरता परिणाम होत असेल, परंतु चुनखडीच्या जमिनीत असे सौम्य आम्ल चुना तिथल्या तिथे मारून टाकतो. गंधकाची भुकटीही लोक सुचवतात. मातीतले जिवाणू गंधकाचे आम्ल करतात हे खरे, पण त्याला महिने लागतात आणि भरपूर चुना असलेल्या मातीत त्याचाही निभाव लागत नाही.

ओसरी, आता एक गोष्ट पाहून सांगावी : पिवळी पाने शेंड्याकडची कोवळी आहेत की खालची जुनी? आणि पिवळ्या पानातल्या शिरा हिरव्या आहेत का?

दवबिंदू :
आमचा अनुभव प्रत्यक्ष आहे, आणि पुस्तकी गणितापुढे तो खोटा ठरवू नये. झाड टवटवीत आहे ही वस्तुस्थिती आहे.

काळीमाती :
आपले झाड टवटवीत आहे याविषयी शंका नाही. आपण कुंडीत लावले आहे, कुंडीतली माती बहुधा रोपवाटिकेची तांबडी आहे, आणि आपल्या भागातले पाणी सोलापूरच्या बोअरइतके जड नसावे. तोच उपाय काळ्या जमिनीत तसेच फळ देईल, एवढेच मला मान्य नाही.

ओसरी :
शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आहेत, काही तर पांढुरकी झाली आहेत. शिरा हिरव्या आहेत. खालची जुनी पाने अजून गर्द हिरवी आहेत.

काळीमाती :
ही लोहाच्या कमतरतेची स्पष्ट खूण आहे. नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. लोह झाडात जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज सरकत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. दिवाळीपर्यंत झाड छान राहिले, कारण पिशवीतली तांबडी माती आणि पावसाचे पाणी यांवर त्याचे भागत होते. पुढे मुळे काळ्या मातीत शिरली आणि बोअरचे पाणी सुरू झाले.

तातडीचा उपाय म्हणून चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) द्यावे, पण दुकानातून घेताना पुडीवरचा प्रकार वाचावा. 'ईडीटीए' प्रकारचे लोह सामू साडेसहाच्या पुढे गेला की मातीत टिकत नाही. ते फक्त पानांवर फवारण्यासाठी वापरावे. चुनखडीच्या जमिनीत मुळाशी द्यायचे असेल तर 'ईडीडीएचए' प्रकारच लागतो. तो महाग असतो, पण आपल्या मातीत उपयोगी पडणारा तोच आहे. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. आधी पिवळी झालेली सर्वच पाने हिरवी होतील असे नाही. नवी पाने कशी येतात ते पाहावे.

एका झाडासाठी एवढे करणे प्रेमाने जमते. कुंपणभर रांगेसाठी वर्षानुवर्षे करणे कठीण आहे.

जांभाकडा :
हे वाचून सोलापुरात रांग करण्याचा माझा आग्रह मी मागे घेतो, परंतु अनंत पूर्ण सोडून देऊ नये अशी विनंती आहे. मोठ्या कुंडीत तांबडी माती, कुजलेला पाला आणि धुतलेले कोकोपीट घालून तो दाराशी, सकाळच्या उन्हात ठेवावा. पावसाचे पाणी पिंपात साठवून ते त्यालाच राखून ठेवावे. छाटणी करायची ती बहर संपल्यावर लगेच करावी. उशिरा छाटला तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात. सासूबाईंना हवा असलेला सुवास एका झाडानेही अंगणभर मिळेल.

सुरवंट :
तगरीविषयी दोन सूचना. तिच्या फांद्या मोडल्या की पांढरा चीक येतो. छाटताना हातमोजे घालावेत आणि हात डोळ्यांना लावू नये. लहान मुलांना तिची फळे व पाने तोंडात घालू देऊ नयेत. दुसरे म्हणजे पावसाळ्यात तिच्यावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या दिसतील, ज्यांच्या मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. त्या कण्हेरीवरही येणाऱ्या एका देखण्या पतंगाच्या अळ्या आहेत. थोडी पाने खाऊन त्या निघून जातात आणि तगर पुन्हा फुटते. विषारी फवारणी करू नये. फारच झाल्या तर हाताने उचलून बाजूला कराव्यात.

ओसरी :
व्हिनेगर टाकल्यावर कुंपणाजवळची माती चांगलीच फसफसली. तेव्हा रांग तगरीचीच करणार आहोत, आणि दाराशी असलेला अनंत कुंडीत हलवणार आहोत. आता फक्त एवढे सांगावे : एकेरी तगर घ्यावी की दुहेरी, दोन रोपांत अंतर किती ठेवावे, आणि रविवारीच लावले तर चालेल का?

काळीमाती :
पूजेसाठी पाच पाकळ्यांची एकेरी तगर घ्यावी. कळ्यांचे हार करायचे असतील तर मधूनमधून दुहेरीची काही रोपे असावीत. वास दोन्हींचा मंद असतो आणि तो रात्रीच जाणवतो, ही अपेक्षा आधीच ठेवावी. उंच वाढणाऱ्या जातीत दोन रोपांत तीन फूट आणि भिंतीपासून किमान दोन फूट अंतर ठेवावे, म्हणजे मागच्या बाजूनेही छाटता येईल. बुटकी तगर निराळी असते. ती गुडघ्याच्या वर फारशी जात नाही आणि आडोसा करत नाही, म्हणून रोपे घेताना स्पष्ट विचारावे.

रविवारी खड्डे जरूर घ्यावेत, पण रोपे लावू नयेत. खड्डे उन्हात तापू द्यावेत, त्यांत शेणखत मिसळून ठेवावे, आणि दोन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली की लागवड करावी. सोलापुरात जूनचा पाऊस अनेकदा ओढ देतो, त्यामुळे पहिल्या सरीवर घाई करू नये. दारचा अनंतही आता उपटू नये; या उन्हात त्याची मुळे दुखावली तर लोह देऊनही तो सावरणार नाही. तोपर्यंत फवारणी करावी, दुपारी सावली धरावी, आणि पावसाळी ढगाळ दिवस पाहून मातीच्या गड्ड्यासह कुंडीत हलवावा.