पेटी म्हणजे किती आणि खोका म्हणजे किती?

प्रश्न (अनगोळ, बेळगाव): खानापूर रोडच्या एका प्लॉटचा विषय चाललाय. एजंट फोनवर मामांना म्हणतोय, 'अर्ध्या खोक्यात बसवतो, दोन पेट्या आत्ता टाका.' मामा रिटायर्ड मास्तर, त्यांना आंब्याची पेटी तेवढी ठाऊक. नेमके किती मागूलालाय हा?

उत्तर: पेटी म्हणजे १ लाख, खोका म्हणजे १ कोटी. म्हणजे ५० लाखांचा सौदा, २ लाख इसार. मूळची मुंबईच्या टोळ्यांची भाषा, सिनेमांनी गावोगाव पोचवली. २०२२ च्या 'पन्नास खोके, एकदम ओके' या घोषणेनंतर तर शेंबड्या पोरालाबी खोका कळतो की ओ!

उत्तर (शहापूर): अर्थ कळला, पण व्यवहार पेटीत करू नका. गुंठ्याला भाव विचारा. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मग हिशेब आपोआप उघडा पडतोय. इसारपत्रावर रक्कम अंकात आणि अक्षरात लिहून घ्या, पैसे चेकनंच द्या. रोखच मागत असला तर सरळ उठून या. असले बोलणारे मला तरी पटत नाहीत.

प्रश्नकर्ता: 'लाखात बोला आणि चेक घ्या' म्हटल्यावर म्हणतोय, दीड पेटीतबी चालतंय!