फायरफॉक्समध्ये डीएससीने सही होत नाही, एजमध्ये होते – मदत हवी आहे

नौपाडाकर:
मंडळी, नमस्कार. गोखले रोडला छोटं ऑफिस आहे, लोकांचे हिशेब आणि रिटर्न्स बघतो. एका पोर्टलवर फॉर्म भरून झाला की शेवटी डीएससीने (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, ते यूएसबी टोकनमध्ये असतं) सही करावी लागते. ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर फायरफॉक्समधून 'साइन' दाबलं की चक्री फिरत बसते आणि मग मेसेज येतो, सायनर युटिलिटी (सही करून देणारा छोटा प्रोग्राम) चालू नाही म्हणून. चालू कशी नाही? खाली घड्याळाशेजारी तिचा आयकॉन दिसतोय! त्याच लॅपटॉपवर तेच टोकन लावून एजमधून केलं की पिन विचारते आणि सही होते. गंमत म्हणजे घरच्या नव्या लॅपटॉपवर फायरफॉक्समधूनही होते.

कॅशे-कुकीज साफ केल्या, ॲड्रेस बारमधली ढाल बंद केली, पॉपअपला परवानगी दिली, ट्रबलशूट मोडमध्ये सगळी एक्स्टेन्शन्स बंद ठेवून पाहिलं. ढिम्म. हेल्पडेस्कचं उत्तर: क्रोम वापरा.

इथेही कोणी तेच लिहायच्या आत सांगतो. फायरफॉक्स सोडवत नाही तो मल्टी-अकाउंट कंटेनर्समुळे. एकाच खिडकीत निळ्या टॅबमध्ये एक क्लायंट, हिरव्यात दुसरा, दोघांची लॉगिन एकाच वेळी चालू. वागळे इस्टेटमधले वर्कशॉपवाले टोकन खिशात घालून येतात, गाडी खाली नो पार्किंगमध्ये. त्यांच्यासमोर ब्राउझर बदलून पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी हे नको वाटतं.

वाशीचा_वश्या:
क्रोम वापरा. (कोणीतरी लिहायलाच हवं होतं.)

ऐरोली_आयटी:
विंडोज कुठली? फायरफॉक्सचं व्हर्जन? आणि एफ१२ दाबून कन्सोलमध्ये (पानातल्या चुका दाखवणारी ब्राउझरची खिडकी) सही करताना लाल अक्षरांत काय येतं ते टाका.

नौपाडाकर:
विंडोज ७, फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती). घरी विंडोज ११ आणि ताजं व्हर्जन. कन्सोलमध्ये १२७.०.०.१, पुढे पोर्ट नंबर आणि 'क्रॉस-ओरिजिन रिक्वेस्ट ब्लॉक्ड'.

ऐरोली_आयटी:
मग सापडलं म्हणायचं. तो 'क्रॉस-ओरिजिन' शब्द बघून फसू नका, खरी अडचण सर्टिफिकेटची दिसते (तुमच्या डीएससीची नाही, समोरचा सर्व्हर खरा आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटची).

पूर्वी ही कामं जावा ॲपलेटवर, म्हणजे ब्राउझरमध्ये प्लगइनने चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, चालायची. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने तसले प्लगइन बंद केले, क्रोमने त्याआधीच केले होते. मग ही युटिलिटीची पद्धत आली. युटिलिटी तुमच्याच मशीनवर छोटा सर्व्हर बनून बसते, आणि पोर्टलचं पान १२७.०.०.१ वर, म्हणजे तुमच्याच लॅपटॉपशी, एचटीटीपीएसने बोलतं. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट इन्स्टॉलर विंडोजच्या विश्वासू सर्टिफिकेट्सच्या यादीत घालतो. एज आणि क्रोम ती यादी मानतात. फायरफॉक्सची यादी स्वतःची, वेगळी. त्याला हे सर्टिफिकेट अनोळखी वाटतं, तो बोलणंच तोडतो, आणि पोर्टल समजतं की युटिलिटी बंद आहे.

घरी का चालतं? फायरफॉक्स १२० पासून विंडोजच्या यादीत आपण घातलेली सर्टिफिकेट्सही तो आपणहून मानतो. विंडोज ७ ला मात्र ११५ ईएसआरच शेवटचं, तिथे ती सोय बंद असते.

अबाउट:कॉन्फिगमध्ये (ॲड्रेस बारमध्ये टाइप केल्यावर उघडणारं फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जचं पान) जाऊन सिक्युरिटी.एंटरप्राइज_रूट्स.इनेबल्ड हे 'ट्रू' करा आणि फायरफॉक्स बंद करून उघडा. (नाव इंग्रजीत टाइप करायचं, अंडरस्कोअरसकट.)

कोपरी_पूल:
थांबा, थांबा. त्याने विंडोजच्या यादीत जे जे कोणी घुसवलंय ते सगळं फायरफॉक्स मानायला लागेल. जुना लॅपटॉप आहे, काय काय इन्स्टॉल झालंय कोणाला ठाऊक. त्यापेक्षा कन्सोलमधला तो १२७.०.०.१ चा पत्ता पोर्टसकट नव्या टॅबमध्ये उघडा. इशारा येईल, 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन धोका मान्य करा. अपवाद तेवढ्या एका पत्त्यापुरताच राहतो. एरवी असला इशारा आला की मागे फिरायचं, पण इथे समोर आपलंच मशीन आहे.

ऐरोली_आयटी:
बरोबर, हे जास्त चांगलं. फक्त आधी युटिलिटी चालू हवी, नाहीतर पान उघडणारच नाही.

आणि वश्या, विंडोज ७ वर क्रोमही जानेवारी २०२३ च्या १०९ लाच थांबलंय. एजचंही तेच. तुझा सल्ला त्यांना पुढे नेत नाही.

नौपाडाकर:
कोपरी_पूल यांचा उपाय लागू पडला. अपवाद दिल्यावर पानावर नुसती एक कोरी ओळ आली. म्हटलं फसलं, पण पोर्टलवर जाऊन 'साइन' दाबलं तर पिनची खिडकी लगेच समोर. हिरव्या टॅबमध्येही चालतंय. कॉन्फिगला हात लावला नाही.

एक विचारायचं राहिलं. युटिलिटीची नवी आवृत्ती टाकली की हे परत करावं लागेल का?

कोपरी_पूल:
सर्टिफिकेट किंवा पोर्ट बदलला तर हो. तो पत्ता बुकमार्क करून ठेवा. आणि विंडोज ७ वर टोकन, पिन, लोकांची रिटर्न्स असं सगळं एकत्र ठेवू नका हो, त्याला २०२० पासून नेहमीचे सिक्युरिटी अपडेट्स नाहीत. जमेल तेव्हा हे काम घरच्या लॅपटॉपवर हलवा.

नौपाडाकर:
पटतंय. सप्टेंबरची धावपळ आवरली की हलवतो.