सोसायटीचं टॅप कार्ड चावीवाल्याने दोन मिनिटांत कॉपी करून दिलं, ग्रुपवर सांगू का?

कडीकुलूप:
मंडळी सल्ला हवाय. आमच्या सोसायटीत (पुणे, ३ विंग) लॉबीच्या दारांना कार्डवाली कुलपं बसवलीत, त्या जोरावर वॉचमनची एक शिफ्ट पण कमी केली. कामाच्या मावशींसाठी एक जास्तीचं कार्ड हवं होतं तर कमिटीकडे अर्ज, पैसे, वर पंधरा दिवस थांबा, म्हणून मी सहज एका चावीवाल्याला विचारलं. त्याने हातात मावेल अशा यंत्रावर माझं कार्ड टेकवलं, मग एक कोरा निळा टॅग टेकवला, "झालं साहेब". घरी येऊन लावला तर दार उघडलं की हो!

सेक्रेटरी काकांना सांगितलं तर त्यांनी व्हेंडरला फोन लावला, व्हेंडर म्हणे सिस्टीम एन्क्रिप्टेड आहे, असं होऊच शकत नाही. आणि काका मलाच म्हणतात डुप्लिकेट करणं हा नियमभंग आहे, आता कुणाकडे बोलू नका, चोरांना आयडिया मिळेल. हे इतकं सोपं असतं का? आणि सगळ्या मेंबरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? बायको वेगळंच विचारतेय, बँकेचं टॅपवालं कार्ड पण असंच कॉपी होतं का म्हणून.

सर्किट_काका:
आधी एक करा, एनएफसीवाला (टॅप करून पैसे देता येतात तसला) फोन असेल तर कार्ड त्याच्या पाठीला लावून बघा. फोनला काहीच कळलं नाही आणि कार्डावर दहा आकडी नंबर छापलेला असेल तर बहुतेक १२५ किलोहर्ट्झवालं साधं कार्ड आहे. त्यात कुलूपबिलूप काही नसतं हो, रीडरजवळ नेलं की त्याच्याच लहरींवर जागं होतं आणि आपला नंबर घडाघडा म्हणून दाखवतं, जो विचारेल त्याला. कॉपी करायला चावीवाला तरी कशाला, असं म्हणायची पाळी.

फोनने ओळखलं तर आत मायफेअर क्लासिक नावाची चिप असायची शक्यता बरीच. १९९४ ची चिप. व्हेंडर जे "एन्क्रिप्टेड" म्हणतो ते हिच्याबद्दल असेल तर तेही ऐकून घ्या. आतली चावी, म्हणजे कार्ड आणि रीडर दोघांनाच माहीत असलेला गुप्त आकडा, ४८ बिटची, म्हणजे तशी आखूडच, आणि ती वापरायची पद्धत कंपनीने गुपित ठेवलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची! डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी ती मूठ उघडली. चिपचे थर एकेक करून घासले, मायक्रोस्कोपखाली फोटो काढले आणि फोटोंवरून सर्किट परत जुळवलं. त्यात दिसलं की जुनं संभाषण परत वापरता येऊ नये म्हणून दर वेळी जो नवा, कुणाला ओळखता न येणारा आकडा निघायला हवा तो १६ बिटचाच आहे आणि चिपला वीज मिळून किती वेळ झाला त्यावर ठरतो. म्हणजे वेळ बरोबर साधली की तोच आकडा परत मिळतो. फासे टाकणारा दर वेळी सहाच टाकतोय, आता खेळा.

शंकेखोर:
काका माहिती भारी, पण मी सेक्रेटरींच्या बाजूने आहे. सोसायटीच्या ग्रुपमध्ये भाडेकरू असतात, सोडून गेलेले असतात, कोणाचा तरी मेहुणा असतो, तिथे टाकलं की रात्रीपर्यंत शेजारच्या चार सोसायट्यांत फॉरवर्ड. आपलं दार उघडं आहे म्हणून आपणच दवंडी पिटायची का? आधी दुरुस्त करा, मग बोला.

आइंडहोवनचा_बंड्या:
शंकेखोर, हाच वाद इथे नेदरलँड्समध्ये कोर्टात गेला होता. ही मायफेअर चिप एनएक्सपी कंपनीची, मुख्यालय माझ्याच गावात. देशभर बस-रेल्वेला याच चिपची कार्डं देणं चालू होतं, लंडनच्या बस-मेट्रोच्या ऑयस्टर कार्डात तीच, सरकारी इमारतींच्या पासांत पण तीच. २००८ मध्ये नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी कार्ड कॉपी करून दाखवलं. पण त्यांनी काय केलं बघा, मार्चमध्ये आधी सरकारला आणि कंपनीला कळवलं, सविस्तर पेपर ऑक्टोबरसाठी ठेवला. कंपनी जुलैमध्ये कोर्टात गेली की पेपर छापू देऊ नका. १८ जुलैला आर्नहेमच्या कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. म्हणणं साधारण असं, की नुकसान झालंच तर ते सदोष चिप बनवून विकल्यामुळे होईल, दोष सांगितल्यामुळे नाही. ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरात पेपर आला. पुढे लंडनने डेसफायर नावाच्या नव्या चिपची कार्डं द्यायला घेतली.

त्याच ऑगस्टमध्ये बोस्टनला उलटं झालं. एमआयटीची तीन मुलं तिथल्या मेट्रोच्या तिकिटांमधल्या चुका लास व्हेगासच्या परिषदेत सांगणार होती, तर मेट्रोवाल्यांनी कोर्टातून तात्पुरती बंदी आणली. पण स्लाइडच्या सीड्या आधीच वाटून झालेल्या, आणि कहर म्हणजे मेट्रोवाल्यांनीच मुलांचा गोपनीय अहवाल दाव्याला जोडला, तो झाला सार्वजनिक! हसावं की रडावं. दहाएक दिवसांत बंदी उठली.

तुमचं "आधी दुरुस्त करा" पटतं, पण दुरुस्त करणाराच नाही म्हणत असेल तर थांबायचं किती? हॉटेलच्या साफ्लॉक कुलपांचं घ्या. त्यांतला दोष शोधणाऱ्यांनी सप्टेंबर २०२२ ला कंपनीला सांगितलं, जाहीर केलं मार्च २०२४ ला, तेही बारीक तपशील हातचे राखून. दारं किती, तर ३० लाखांवर, आणि दीड वर्षाने फक्त ३६ टक्के बदलून झालेली. म्हणून दादा, ग्रुपवर लगेच नको. कमिटीला लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या.

मीनल_ठाणे:
बँक कार्डाचं मी सांगते, याच कामात आहे. ताईंना सांगा, ते असं कॉपी होत नाही. त्यातली चिप दर व्यवहाराला नवी गुप्त सही करते, एका टॅपची सही दुसऱ्याला चालत नाही. जवळून वाचलं तर कार्ड नंबर आणि एक्सपायरी मिळू शकते, मागचा सीव्हीव्ही नाही.

पण म्हणून अगदी निर्धास्त पण नको. २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन फोन मध्ये घालून व्हिसा कार्डाला पिन न टाकता मोठी रक्कम मंजूर करून दाखवली होती. आपल्याकडे पिनशिवायची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपये आहे. आणि बँकेच्या ॲपमध्ये कॉन्टॅक्टलेस चालू-बंद करायचं बटण असतं, मी बाजारात जाताना चालू करते, एरवी बंद. खात्यातून भलतेच पैसे गेले आणि चूक ना आपली ना बँकेची, तर बँकेकडून कळल्यापासून ३ कामाच्या दिवसांत तक्रार करा, मग आपल्यावर काही येत नाही. मेसेज न वाचता डिलीट करणाऱ्या आमच्या सासूबाईंना हे मी रोज सांगते.

हो, आणि कडीकुलूप, उत्साहात दुसऱ्या कोणाचं कार्ड कॉपी करून दाखवू नका हां. परवानगीशिवाय कुणाच्या सिस्टीममध्ये शिरलात तर आयटी ॲक्टचं कलम ६६ आहे, हेतू चांगला होता म्हणून सोडतील याचा भरवसा धरू नका.

कडीकुलूप:
सगळ्यांचे आभार. फोनला कार्ड कळलंच नाही, म्हणजे काका म्हणतात तो घडाघडा नंबर सांगणारा प्रकार. काल पत्र दिलं, ३० दिवसांची मुदत घातली, सेक्रेटरी काकांनी पोच दिली पण तोंड वाकडं करून. मग त्यांना खाली नेऊन त्यांच्या समोरच निळा टॅग लावला, दार उघडल्यावर जरा वेळ गप्प होते. आता व्हेंडरकडून डेसफायरचं कोटेशन मागवलंय. त्यात काय बघू?

सर्किट_काका:
चिपचं पूर्ण नाव लिहून घ्या. आणि रीडर कार्डाचा नुसता नंबर वाचणार की आतली चावी तपासणार, हे लेखी. डेसफायर कार्डं घेऊन नंबर वाचणारेच जुन्या पठडीतले रीडर बसवलेले मी पाहिलेत, मग पैसे गेले ते गेलेच. चाव्या कारखान्यातून आलेल्या तशाच ठेवणार का, तेही विचारा.

कडीकुलूप:
आत्ताच फोन केला. म्हणाला "इंजिनिअरला विचारून सांगतो."