धनुष्यासाठी म्हशीचं शिंग: निवडायचं कसं, पट्टी काढायची कशी?

कमानवेडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

एकसंध लाकडाची धनुष्यं करून हात बऱ्यापैकी बसलाय. आता तुर्की घाटाचं आखूड संयुक्त धनुष्य करायचं मनात आहे: मधे मेपलचा गाभा, पाठीवर (नेमबाजापासून लांबच्या बाजूला) कंडरा, पोटाला (नेमबाजाकडच्या बाजूला) म्हशीचं शिंग. लाकूडकाम जमेल, सरसाची, म्हणजे कातडी-हाडांपासूनच्या गोंदाचीही सवय आहे. घोडं अडलंय ते शिंगापाशी.

कत्तलखान्यातून मिळणारी शिंगं आतल्या हाडासकट येतात. शोभेसाठी विकतात ती गुळगुळीत पॉलिश केलेली असतात, पण त्यांच्या पोटात काय दडलंय ते कळत नाही. दोन्हींतलं काय घ्यावं? हाड कसं काढावं? आणि वळलेल्या शिंगातून सरळ पट्टी निघते तरी कशी? कुणी म्हणतं दिवसभर उकळा, कुणी म्हणतं तेलात तापवा. ज्यांनी हे स्वतःच्या हातांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

जुना_कारागीर

तुम्ही शिंगापासून सुरुवात केलीत हे फार आवडलं. बहुतेक जण सरसाबद्दल विचारतात आणि शिंग कसंही चालेल असं धरून चालतात. माझं मत उलट आहे. धनुष्य टिकणार की तडकणार, हे अर्ध्याहून जास्त शिंग निवडतानाच ठरतं.

धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. लाकूड अशा दाबाखाली लवकर चिरडतं. शिंग मात्र खूप दाबलं गेलं तरी पुन्हा मूळ लांबीवर येतं. म्हणून तर एवढं आखूड धनुष्य एवढं लांब ओढता येतं. पण हे तेव्हाच, जेव्हा पट्टीतले थर सलग, लांबीच्या दिशेने आणि एकमेकांना घट्ट धरून असतात. शिंग वाढतं ते एकात एक बसलेल्या शंकूंसारखं, थरावर थर चढत. कुठे दोन थर सुटलेले असले तर वरून काही दिसत नाही आणि दाब आला की पापुद्रा उचलतो.

आधी जात बघा. मुऱ्हा म्हशीचं शिंग गच्च वेटोळं असतं, ते आपल्या कामाचं नाही. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातल्या दलदली म्हशींची शिंगं लांब, चंद्रकोरीसारखी पसरलेली असतात, ती उत्तम. कोरियात पाणम्हशी नव्हत्या, तरी तिथल्या धनुष्यकारांनी ही शिंगं बाहेरून आणवली. पूर्वीपासून लोकांनी एवढा खटाटोप केला तो उगाच नाही.

लांबी मोजताना फसगत होते. बुंध्याकडे भिंत कागदासारखी पातळ असते आणि टोकाकडे शिंग भरीव, गोल होत जातं. दोन्ही टोकं वाया जातात. तुर्की धनुष्याला एका पात्यासाठी (मुठीच्या एका बाजूच्या वाकणाऱ्या भागासाठी) साधारण 30 ते 35 सेंमी पट्टी लागते, चीनमधल्या मांचू घाटाच्या मोठ्या धनुष्याला 50 सेंमीच्याही वर. म्हणून बाहेरच्या वळणावरून मोजलेली लांबी हव्या त्या पट्टीच्या निदान दीडपट धरा. आणि जोडी एकाच जनावराची घ्या. डावं एकाचं, उजवं दुसऱ्याचं असलं की दोन पात्यांचा ताण जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

'काओगोंगजी' या चीनच्या प्राचीन ग्रंथात धनुष्यकारांसाठी शिंगाची पारख दिलेली आहे. शरद ऋतूत मारलेल्या जनावराचं शिंग जाड, वसंतातल्याचं पातळ. तरुण जनावराचं सरळ आणि ओलसर, म्हाताऱ्याचं पीळ पडलेलं आणि कोरडं. रोगी जनावराचं शिंग घेऊच नये. त्यात कामांचे हंगामही नेमून दिलेत: हिवाळ्यात लाकूड, वसंतात शिंग, उन्हाळ्यात कंडरा, आणि शरदात तिन्ही एकत्र. माझ्या हातून गेलेल्या शिंगांवरून सांगतो, तरुण आणि म्हाताऱ्या जनावराच्या शिंगातला तो फरक तंतोतंत खरा आहे.

आता कच्चं की पॉलिशचं? मी कच्चंच घेतो. पॉलिश आणि वार्निशखाली भेगा बुजवलेल्या असतात. कंगवे-बटणांसाठी तापवून दाबलेले शिंगाचे पत्रेही मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. किती तापवलंय याचा पत्ता लागत नाही, आणि एकदा जास्त तापलेलं शिंग ठिसूळच राहतं. विकणाऱ्याकडून बुंध्याचा समोरून काढलेला फोटो मागा. भिंत बाहेरच्या वळणाच्या अंगाला किती जाड आहे, तेच बघायचं असतं.

हाडासकट आलेलं शिंग पाण्यात बुडवून ठेवा. शिंग आणि हाड यांच्यामधलं मऊ पेशीजाल दोन-तीन आठवड्यांत कुजतं. मग बुंधा लाकडाच्या ठोकळ्यावर आपटला की हाड निसटतं. वास भयंकर येतो, त्यामुळे हे काम घराबाहेरच, आणि हातमोजे घालून. घाई असेल तर अर्धा तास उकळत्या पाण्यात धरून सैल होतं का बघा. त्यापुढे दिवसभर उकळत ठेवण्यात शिंगाचं नुकसानच आहे. हाड निघालं की घासून धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात नाही. उन्हात तडे जातात.

पट्टी नेहमी बाहेरच्या वळणाकडच्या भिंतीतून काढायची. एका शिंगातून एक चांगली पट्टी मिळाली तरी समाधान माना. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जाडीच्या दिशेचं वळण उष्णतेने सरळ होतं. रुंदीच्या दिशेचं, म्हणजे कडेकडे गेलेलं वळण होत नाही. ते करवतीनेच काढून टाकावं लागतं. म्हणून खुणा करताना दोरी ताणून सरळ रेष मारा आणि ती रेष पूर्ण लांबीत शिंगाच्या आत राहते का ते बघा. जाडी 8 ते 10 मिमी ठेवा. तयार धनुष्यात ती साधारण 4 ते 6 मिमी उरेल. कापताना चांगला मास्क लावा, शिंगाची धूळ छातीत गेलेली अजिबात चांगली नाही.

सरळ करायला मी साधं उकळतं पाणी वापरतो. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे शिंग जळायची भीती नाही. तेल त्याहून बरंच तापतं, शिवाय ते शिंगात मुरलं की सरस धरत नाही. पाऊण-एक तास पाण्यात ठेवून पट्टी जाड फळीवर ठेवा आणि मधून टोकांकडे एकेक क्लॅम्प आवळत जा. जिथे जोर लावावा लागतोय तिथे थांबा, पुन्हा तापवा. पूर्ण थंड होऊन वाळेपर्यंत क्लॅम्प काढू नका. नंतर थोडी वाकली तर वाकू द्या, दुसऱ्यांदा तापवल्यावर ती बसते.

आणि मग थांबा. काही महिने. ओल शिल्लक असलेली पट्टी चिकटवली तर ती वाळताना आकसते आणि जोडच फाडते.

सरसवाला

जुना_कारागीर यांनी सगळं नेमकं सांगितलंय. मी फक्त चिकटवायच्या बाजूबद्दल भर घालतो.

शिंग मुळातच तेलकट असतं. रंधून सपाट केल्यावर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि नंतर त्या बाजूला बोट लावू नका. तुर्की कारागीर दातेरी खवणीने शिंगावर आणि लाकडावर लांबीच्या दिशेने बारीक चऱ्या पाडत. एकाचे उंचवटे दुसऱ्याच्या खोबणीत बसतात आणि चिकटणारा पृष्ठभाग वाढतो. त्यावर पातळ सरसाचे अनेक हात द्यायचे, प्रत्येक हात वाळवून. दाट सरस शेवटी, जोडायच्या वेळी. सरस साठ अंशांच्या आसपास ठेवा, उकळला की त्याची ताकद जाते.

मुठीपाशी दोन्ही पट्ट्या जिथे भेटतात तिथे हाडाचा छोटा तुकडा बसवतात. ती फट अगदी घट्ट बसली पाहिजे, कारण दाब तिथूनच एका पात्यातून दुसऱ्यात जातो.

एक विनंती सगळ्यांनाच. रानटी जनावरांची शिंगं विकत घेण्याआधी कायदा बघा. मार्खोर हा रानबोकड तर साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. पाळीव म्हशीचं शिंग असताना दुसरीकडे बघायची गरजच नाही.

कमानवेडा

दोघांचेही मनापासून आभार. मित्राकडून मिळालेली एक कापलेली पट्टी माझ्याकडे आहे. ओली करून दिव्यासमोर धरली तर कडेला, जाडीच्या मधोमध, केसासारखी पांढरी रेष दिसते. बोटभर लांब आहे. काळ्या भागात काही दिसत नाही. ही वापरता येईल का? पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) भरलं तर?

जुना_कारागीर

ती रेष म्हणजे सुटलेला थर. रेष पृष्ठभागापासून कितीवर आहे, त्यावर सगळं अवलंबून. चिकटवायच्या बाजूपासून दोन-एक मिमीत असती तर रंधून गेली असती. मधोमध असेल तर पट्टी बाजूला ठेवा. वाकताना थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि नेमकं तिथेच उलतं. उभी भेग कडेला असेल तर गोंद भरून निभावतं, पण आडवा सुटलेला पापुद्रा गोंदाने जुळत नाही.

काळ्या शिंगात रेष दिसत नाही म्हणून तो भाग निर्दोष समजू नका. पट्टी एका टोकाला दोन बोटांत सैल धरून नखाने ठिकठिकाणी वाजवा. जिथे आवाज एकदम बद्द होतो तिथे खडूने खूण करा. मग पट्टी हलकेच वाकवून त्या जागी भिंगाने कड बघा, रेष उघडताना दिसते. खुणेपासून पुढे 30 सेंमी सलग चांगली उरत असेल तर तेवढीच कापून घ्या आणि तिच्या जोडीची पट्टीही तेवढीच ठेवा. नसेल तर तिच्यातून मुठीच्या आणि टोकांच्या पट्ट्या काढा, आणि पात्यांसाठी दुसरी जोडी बघा.