दीड लाखाचा सेटअप आणि फोटो ताकासारखे: दोष कॅमेऱ्याचा की माझा?

अर्धवट पाणबुड्या
मंडळी, मागच्या शनिवार-रविवारी मालवणला डाइव्हला जाऊन आलो. ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला) कोर्स होऊन दोन वर्षं झाली, एकूण डाइव्ह २२. इतके दिवस छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यावर भागवलं. या दिवाळीत मन घट्ट करून मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी (मायक्रो फोर थर्ड्स, म्हणजे लहान सेन्सरची), १४-४२ मिमी किट लेन्स (१४ ला रुंद, ४२ ला झूम), पॉलिकार्बोनेटचं हाउसिंग (कॅमेऱ्याचा जलरोधक डबा), फ्लॅट पोर्ट (लेन्ससमोरची सपाट काच) आणि दोन स्ट्रोब (पाण्यातले फ्लॅश) असा सगळा संसार मांडला. दीड लाखाला थोडे कमी. (घरी आकडा वेगळा सांगितलाय.)

निकाल असा, की १४० फोटोंत दाखवण्याजोगे चार. बाकीचे (काही सोबत टाकलेत) हिरवट-पांढुरके, वर कोणी रवा भुरभुरल्यासारखे ठिपके, कडा फिसकटलेल्या, काहींत तर चंद्रकोरीसारखा फिकट पट्टा. खोली ८ मीटर, मोड ऑटो, मासे साधारण दोन मीटरवर. त्याच खडकापाशी जुन्या डबड्याने बरे फोटो यायचे!

माझं ठाम मत आहे की पोर्टची काच सदोष आहे. दुकानदार म्हणतो पाणी गढूळ होतं. बायको म्हणते तुम्हाला येत नाही.

प्रकाशमापी
वहिनींशी सहमत.

टाकलेल्या फोटोचा एक्झिफ (फोटोत नोंदलेलं सेटिंग) बघितला: शटर १/३० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ३.५, संवेदनशीलता आयएसओ १६००. अहो, तुम्हीही हलताय, मासाही हलतोय, पाणीही हलतंय. ऑटो सोडा. मॅन्युअलमध्ये १/१६०, एफ ८, आयएसओ २०० लावा आणि उजेड स्ट्रोबकडून घ्या.

पण खरी गोम अंतरात आहे. मासा दोन मीटरवर, म्हणजे स्ट्रोबचा उजेड जाऊन-येऊन चार मीटर पाणी कापणार. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, म्हणून फोटो हिरवा. वाटेतला प्रत्येक कण उजळतो, तो तुमचा रवा. दृश्यमानतेच्या पाचव्या हिश्शापलीकडे स्ट्रोब वापरायचा नाही, असा एक ढोबळ हिशेब आहे. पाच मीटर दिसत असेल तर एक मीटरच्या आत जा.

जुन्या डबड्याला फ्लॅशच नव्हता, म्हणून रवा नव्हता. शिवाय त्याची लेन्स इतकी रुंद, की मासा भरायचा तर तुम्हाला जवळ जावंच लागत होतं. काच निर्दोष आहे.

चिंबोरी
प्रकाशमापी, दर वेळी नवख्याच्या डोक्यावर खापर फोडायची ही सवय बरी नव्हे. ‘जवळ जा’ म्हणणं सोपं आहे. फ्लॅट पोर्टमागे १४ ची लेन्स लावल्यावर जवळ जाऊन फ्रेममध्ये काय मावणार? पाण्यात वस्तू एक-तृतीयांशाने मोठ्या दिसतात. फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) हिशेबात १४ म्हणजे २८, ती पाण्याखाली ३७ सारखी वागते; आकडा मोठा तितकी चौकट अरुंद. कासव हवं असेल तर मागे सरकावंच लागतं, आणि मागे सरकलं की सगळं ताक. अंतराची चूक सामानानेच करायला लावली की!

कडा फिसकटतात त्याही त्याच सपाट काचेमुळे. कडेचे किरण तिरपे येतात, जास्त वाकतात आणि लाल-निळे वेगवेगळे पडतात. डोम पोर्ट (घुमटासारखी गोल काच) घ्या, किंवा पोर्टवर पाण्यातच लावता-काढता येणारी वेट वाइड लेन्स.

प्रकाशमापी
म्हणजे अजून पन्नासेक हजार. वहिनींना कोण सांगणार?

आणि डोम म्हणजे जादूची कांडी नव्हे. डोममागून लेन्सला खरा मासा दिसत नाही, काचेच्या अगदी जवळ तयार झालेली त्याची आभासी प्रतिमा दिसते. लेन्सला तितक्या जवळ फोकस करता आला नाही तर सगळंच धूसर. लेन्स डोमच्या केंद्राच्या हिशेबाने बसली नाही, डोम लहान असला आणि एफ ४ वर काढलं, तर कोपरे पुन्हा विरघळणार. वेट लेन्स लावाल तर पाण्यात शिरल्यावर एकदा सैल करून मधला बुडबुडा काढा. नाहीतर तोच पुढचा धागा.

मुळशीकर
एवढा काथ्याकूट कशाला? रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, घरी येऊन संगणकावर डीहेझ (धूसरपणा घालवणारी पट्टी) ओढा. आता एआय आहे.

प्रकाशमापी
जो लाल प्रकाश सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो ओढून काय येणार? नॉइज. २०१९ मध्ये डेरिया अक्कायनाक आणि ताली ट्राइबिट्झ या दोघींनी सी-थ्रू नावाची पद्धत मांडली, तीत पाण्याचा पडदा खरोखर गणिताने उतरवतात. पण त्यासाठी फ्रेममधल्या प्रत्येक बिंदूचं अंतर ठाऊक असावं लागतं, आणि ती नैसर्गिक उजेडातल्या फोटोंसाठी आहे. स्ट्रोबने पेटवलेला रवा तिच्यानेही निवडून होणार नाही.

तांडेल
आमच्या पाण्याक नावां ठेवच्या आधी भरती-ओहोटी बघूक शिका.

बाकी मराठीत सांगतो. तुम्ही आलात ते ऐन उधाणात, पौर्णिमेला लागून. पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या सुमाराला भांग (सगळ्यात कमी भरती-ओहोटी) असतो, ओढ कमी, पाणी निवळ. पुण्याची मंडळी सुट्टी बघून येतात, तिथी बघत नाहीत. आणि सकाळी लवकर या, दुपारी वारा सुटला की वरचं पाणीही ढवळतं.

सौ. बुडबुडे
मी डाइव्ह शिकवते, त्यामुळे कडू बोलणार. पोर्ट, डोम, तिथी सगळं राहू दे. तिसरा फोटो नीट बघा: खाली डाव्या कोपऱ्यात तुमचाच फिन (पायातलं वल्हं) आहे आणि त्यामागे गाळाचा ढग. तो गाळ उधाणाने नाही, तुम्ही उडवलाय. एका हाताने खडक धरलाय तेही दिसतंय. दोन स्ट्रोब आणि हाउसिंग लावल्यावर तुमचं वजन आणि तोल दोन्ही बदलले, त्याचा सराव न करताच खाली उतरलात. वीस-पंचवीस डाइव्हवर एवढं धूड घेऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. आधी हात न लावता एका जागी तरंगता आलं पाहिजे.

चिंबोरी
ताई, फिनचं मान्य. पण कॅमेरा हातात नसेल तर सराव तरी कशाचा करणार? मी दहाव्या डाइव्हपासून नेतेय. मात्र पहिल्या महिन्यात एकच स्ट्रोब आणि समोर एकच समुद्री गोगलगाय. मालवणात वाइडचा हट्ट कशाला? ४२ वर झूम करून मॅक्रो (छोट्या जिवांचे जवळून फोटो) काढा, फ्लॅट पोर्ट तिथे गुणी बाळासारखा वागतो.

सौ. बुडबुडे
गोगलगाईसाठी तळाशी लोळणारेही पाहिलेत मी. मत बदललेलं नाही.

अर्धवट पाणबुड्या
फिन माझाच. कबूल.

काल सोसायटीच्या तलावात चाचणी केली. भिंतीवरचं कॅलेंडर लॅमिनेट करून बुडवलं, मुलाला धरायला लावलं, वॉचमनने दोनदा येऊन विचारलं. १४ वर मधले आकडे कोरल्यासारखे, कोपऱ्यांत लाल-निळी झालर. एफ ८ केल्यावर कोपरे थोडे सावरले, झालर राहिली. ४२ वर झालर जवळजवळ नाही. म्हणजे काच सदोष नाही, सपाट आहे. दुकानदाराला पाठवलेली रागाची मेल मागे घेतोय.

चंद्रकोरीचाही शोध लागला. लेन्सच्या तोंडावरची पांढरी अक्षरं पोर्टच्या आतल्या बाजूवर उमटत होती. काळी टेप लावली, पट्टा गायब.

मग स्ट्रोब. मी दोन्ही पोर्टला चिकटवून थेट समोर रोखले होते. दांडे फाकवून, डोकी पोर्टच्या जरा मागे आणि किंचित बाहेर वळवली. पण तलावात रवाच नाही, त्यामुळे फरक समुद्रातच कळेल. डोमचं अजून ठरत नाही.

चिंबोरी
झालर आली ना? मी काय सांगत होते!

प्रकाशमापी
आणि मधले आकडे कोरल्यासारखे आले, कारण तुम्ही हातभर अंतरावर होता.

तांडेल
त्या फोटोत अष्टमीचो चौकोन वाचूक येता मां? मगे त्याच दिवशी ये.