मदत हवी आहे: ठाणे स्टेशनजवळच्या आजोबांसाठी निवारा केंद्र

नमस्कार मंडळी, ठाणे वेस्टला स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली एक आजोबा सध्या झोपतायत, आधी एका सोसायटीत वॉचमन होते, मोतीबिंदूने दिसेनासं झालं तसं काम गेलं आणि कामाबरोबर राहायची खोलीपण. जवळ एक पिशवी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशन कार्ड, तेही गावचं. आधार हरवलंय.

दीनदयाळ अंत्योदय योजनेतून शहरी बेघरांसाठी निवारा केंद्रं सुरू झाली, लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांची सोय असा नियम होता आणि तीही चोवीस तास, नुसती रात्रीपुरती नाही, एवढं माहितेय. पण एका केंद्रात फोन केला तर म्हणे आधी आधार आणा. अहो, ज्याला घरच नाही तो पत्ता कुठला दाखवणार?

तर ठाणे किंवा नवी मुंबईत कोणी अलीकडे कुणाला अशा केंद्रात नेलंय का? आधाराशिवाय घेतात का, की प्रभाग समितीतून पत्र लागतं? ज्येष्ठांच्या 14567 हेल्पलाइनचा कोणाला अनुभव? आणि ऑपरेशन झालंच तर नंतर डोळ्यात ड्रॉप्स घालायला तिथे कोणी असतं का? वृद्धाश्रमाचं सुचवू नका प्लीज, आजोबा ऐकतच नाहीत, म्हणतात दिसायला लागलं की परत ड्युटी करणार. पावसाच्या आत सोय लावायचीय, माहिती असेल तर इनबॉक्स करा.