दोन दिवसांत ५२ किमी चाल, पाचजणांचा गट: वेळ आणि पाय कसे सांभाळावेत?

पायवाट
शनिवार-रविवार मिळून ५२ किमी चालायचा बेत आहे. पहिल्या दिवशी २८ किमी आणि एकूण ९०० मीटर चढ, दुसऱ्या दिवशी २४ किमी, त्यात उतारच जास्त. वाट शेतांमधून आणि माळावरून, मध्ये थोडी डांबरी. दोघे झपाझप चालणारे, एकाला पाच तासांपलीकडे चालायची सवय नाही. किती वाजता निघावं? फोड येऊ नयेत म्हणून नेमकं काय करावं? आणि दुसऱ्या दिवशी पायांनी साथ द्यावी म्हणून काय?

माळरान
वेळेसाठी नेस्मिथचा नियम धरा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: दर ५ किमीला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. तुमच्या पहिल्या दिवसाला ७ तास ६ मिनिटं येतात. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. पाचजणांसाठी ताशी ४ किमीच धरा. चालण्याचे ७ तास, चढाचा दीड, दर तासाला १० मिनिटं विश्रांती आणि जेवणाचा अर्धा तास, म्हणजे जवळपास १० तास २० मिनिटं. आता उलटं मोजा. सूर्यास्त साडेसहाला असेल आणि पाचला मुक्कामी पोचायचं असेल, तर सकाळी ६:४० ला पाय वाटेवर हवेत. सॅक भरणं, नाड्या बांधणं त्याआधीच उरकलेलं हवं.

गट फुटतो तो वेगामुळे कमी आणि थांबण्याच्या पद्धतीमुळे जास्त. पुढचे थांबतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि तो आला की हे उठून चालू लागतात. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून दहा मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यापासून मोजा. त्याला पुढून दुसरा ठेवा आणि अनुभवी गड्याला सगळ्यात मागे.

टाचटोक
फोड नुसत्या घासण्याने येत नाही. कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढेमागे सरकतं. कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. घामाने ओलसर कातडी जास्त चिकटते, म्हणून सगळा भर पाय कोरडे ठेवण्यावर द्या.

सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, आतून पातळ मोज्याची आणखी एक जोडी चालेल. जेवणाच्या थांब्यावर बूट-मोजे काढून पाय वाळवा आणि कोरडी जोडी चढवा. नखं दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. बूट वापरून सरावलेलेच हवेत. दिवसभर चालून पाय सुजतात, तेव्हा बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असू द्या.

कुठे चुरचुरलं किंवा गरम लागलं की त्याच क्षणी थांबा, पुढच्या थांब्याची वाट पाहू नका. जागा पुसून कोरडी करा, झिंक ऑक्साइड टेपचा तुकडा कापा, त्याचे कोपरे गोल करा (टोकदार कोपरे मोज्यात अडकून सुटतात) आणि सुरकुती न पडू देता दाबून बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. संकोचापोटी बोलायचं टाळणाऱ्याचा दुसरा दिवस हमखास जातो, तेव्हा दर थांब्यावर प्रत्येकाला विचाराच.

पायवाट
आणि फोड आलाच तर फोडायचा का?

टाचटोक
लहान आणि न दुखणारा असेल तर तसाच झाकून ठेवा. मोठा, तट्ट फुगलेला आणि वजन पडतं अशा जागी असेल तर हात धुऊन निर्जंतुक सुईने कडेला दोन छिद्रं पाडा आणि पाणी दाबून काढा. वरची कातडी अजिबात ओढू नका, तीच नैसर्गिक पट्टी. वर न चिकटणारी पट्टी लावा. मधुमेह असलेल्याने हा प्रयोग स्वतः करू नये.

उतारवाट
दुसऱ्या दिवसाबद्दल. चढाने दम लागतो, पण पाय भरून येतात ते उतारामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्यांतल्या सूक्ष्म इजांचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, म्हणजे रविवारी ते चढणीला लागलेलं असणार. शनिवारी उतार दिसला म्हणून पळू नका. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. काठ्या असतील तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी उंची, उतारावर ५-१० सेंमी जास्त.

उतार लागण्याआधी नाड्या पुन्हा बांधा. घोट्याच्या वळणापाशी नाडीला दुहेरी पीळ द्या, म्हणजे टाच मागे बसते. हे राहिलं की बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. रविवारच्या वेळेत १५ टक्के वाढवा, आणि वाट मध्येच सोडता येईल अशा दोन जागा नकाशावर आधीच खूण करून ठेवा.